धुक्यातलं काळीज

योलांदा मोतिन्यूचं लक्ष कधी जागेवर नसे, हे पोर्तुगालातल्या गोंदोमारच्या त्या उतरत्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीला पाव आणायला धाडावं तर ती अर्ध्या वाटेत नदीकडे तोंड करून उभी राही, आणि मागून येणाऱ्या शेजाऱ्याला तिचा खांदा हलवून विचारावं लागे, "बाई, तू येतेयस की जातेयस?" तिची आई सेलेस्त बेकरीत पहाटपाळीला जाई. लेकीच्या या तंद्रीचा खुलासा ती दोन वाक्यांत करी. "ही पोटात असताना मी रोज धुक्यातून कामाला गेले. तेव्हा जे धुकं हिच्या डोक्यात शिरलं, ते आजतागायत निघालेलं नाही."

खरं सांगायचं तर योलांदाला ते निघायला नकोच होतं. हिवाळ्याच्या सकाळी दोउरो नदीवरून धुकं वर चढतं, तेव्हा पलीकडचा काठ एकदम जात नाही. आधी पाण्यालगतच्या होड्या जातात, मग द्राक्षाचे मांडव, मग चर्चची भिंत, आणि भिंत गेल्यावरही वरची घंटा बराच वेळ हवेत एकटी टांगलेली राहते. बसथांब्यावर उभी राहून योलांदा हे बघे. जे दिसत नाही तेही तिथेच आहे, या विचाराने तिला फार बरं वाटे. तिचे वडील लक्झेंबर्गला बांधकामावर होते, वर्षातून एकदा ऑगस्टात यायचे. त्यामुळे हा विचार तिने लहानपणीच कुठेतरी उचलला असावा, असा आपला एक अंदाज. त्या नादात बस मात्र हमखास चुके.

पोर्तोच्या डिझाइन कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती. फेब्रुवारीत, म्हणजे नदीत लांप्रे मासा चढतो आणि गोंदोमारच्या प्रत्येक खाणावळीत त्याचा भात शिजत असतो त्या दिवसांत, सियाब्रा बाईंनी शेवटचा प्रकल्प दिला. एक दागिना, हाताने घडवलेला, आणि त्यासोबत एक वही. सियाब्रा बाई उंच, पांढऱ्या केसांच्या. इतकी वर्षं दागिने शिकवून स्वतःच्या गळ्यात फक्त सोनाराचं भिंग दोऱ्याला बांधून घालणाऱ्या.

"दागिना मला दिसेलच," त्या म्हणाल्या. "वहीत मला तुमचा हात विचार करताना दिसायला हवा. कुठे अडलात, का अडलात, काय सोडून दिलंत. आणि हात तुमचाच हवा."

कुणी बुचाच्या सालीचं कंकण करणार होतं, कुणी सार्डिनच्या काट्यांचा हार. योलांदा म्हणाली, "मी काळीज करणार," आणि वर्ग हसला. हसणारच. तारकामाचं काळीज, म्हणजे बारीक तारेने भरलेलं हृदयाच्या आकाराचं पदक, त्या मुलखात प्रत्येक नवरीच्या छातीवर असतं, आणि हल्ली तर ते टॉवेलांवर, साबणाच्या वेष्टनांवर आणि फ्रिजच्या दारांवरही असतं. त्यात नवं ते काय करणार, असं सगळ्यांना वाटलं.

पण योलांदाचं काळीज धुक्यातलं होतं. डावीकडे ते रीतीप्रमाणे तारेच्या वेटोळ्यांनी गच्च भरलेलं. उजवीकडे सरकताना वेटोळी विरळ होत जाणार, आणि खालच्या टोकाशी, जिथे काळीज शेपटीसारखं एका बाजूला वळतं, तिथे काहीच नाही. नुसता सांगाडा आणि आरपार हवा. जे दिसत नाही तेही तिथेच आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिने हे वाक्य लिहिलं, आणि लिहून झाल्यावर तिला वाटलं की अर्धं काम झालंच. हातात चिमटा धरेपर्यंत असं सगळ्यांनाच वाटतं.

चिमटा धरायला ती गेली तीन घरं खाली, झुल्मिरा मावशीकडे. मावशी नात्याने योलांदाची कुणीच नव्हती. ती सगळ्या गल्लीचीच मावशी होती. वय चौऱ्याहत्तर. नवव्या वर्षी आईच्या शेजारी खिडकीपाशी तिवईवर बसली, ती अजून उठलेली नाही असं लोक म्हणत. कारखान्यातले पुरुष जाड तारेचा सांगाडा घडवून पाठवायचे, आणि घरोघरच्या भरणाऱ्या बाया तो आतून भरायच्या. केसाएवढ्या दोन तारा एकमेकींना पिळून चपट्या केलेल्या असतात. ती तार चिमट्याने वळवायची, वेटोळं करायचं आणि सांगाड्यात दाबून बसवायचं. गोंद नाही, काही नाही. वेटोळी एकमेकांना रेटून उभी राहतात. मग त्यावर टाकणखार आणि डाखाची पूड भुरभुरून सोनार आच देतो, तेव्हा कुठे ती कायमची धरतात.

या भरणाऱ्या बायांचे दोन नियम होते. पहिला, भरणात सुई उभी राहील एवढीही जागा राहता कामा नये. मावशीची आई खरोखरच सुई घेऊन तपासायची. दुसरा नियम कुणी नियम म्हणून सांगत नसे, पण पाळत सगळ्याच. अर्धवट काम कुणाचंही असो, दिसलं की पुरं करायचं. एखादी बाळंत झाली, एखादीचे डोळे आले, एखादी नुसतीच कंटाळली, की शेजारीण तिचा सांगाडा उचलून पुढे भरायला घेई. एका नवरीच्या काळजात तिघींचे हात असत, आणि कुणाचा कुठला हे विचारायची पद्धतच नव्हती.

फेब्रुवारी ते जून योलांदा रोज कॉलेज सुटल्यावर मावशीच्या खिडकीपाशी बसली. पहिला महिना तर नुसती तार वाकडी करण्यात गेला. मावशीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दिलेली तारीख ती दर खेपेला काहीतरी निमित्त काढून पुढे ढकले, आणि दरम्यान बोटाने बघे. सांगाड्यावरून करंगळी फिरवली की तिला सगळं कळे.

"तुझी वेटोळी झोपलीत," ती म्हणे. "उठव त्यांना."

"कशी उठवू?"

"कशी म्हणजे? पाठ ताठ कर. तूच पेंगायला लागलीस तर ती बिचारी काय करतील?"

"मी पेंगत नव्हते मावशी. विचार करत होते."

"तेच ते. विचार नंतर कर. आणि श्वास बाजूला सोड, माझी तार उडवतेस."

योलांदाने तिला कागदावरचं चित्र दाखवलं होतं, पण मावशीने ते हातात घेऊन परत दिलं. "कागदावरची तार मला वाचता येत नाही. तू भर. बोट फिरवलं की समजेल मला." समजलं मात्र नाही, कारण योलांदाने रिकाम्या कोपऱ्याचं सांगितलंच नाही. मे महिन्यात मावशीची करंगळी खालच्या वळणापाशी येऊन थांबली.

"हा कोपरा कधी भरणार?"

"शेवटी, मावशी," योलांदा म्हणाली.

एवढंच काय ते खोटं. एरवी पोरगी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. पण पासष्ट वर्षं जिने सुईलाही जागा ठेवली नाही, तिला कसं सांगायचं की हा कोपरा मी मुद्दाम रिकामा ठेवणार आहे, आणि मला मार्क मिळणार ते त्या रिकामेपणाचेच? योलांदाने सांगण्याचा बेत रोज केला आणि रोज उद्यावर टाकला. धुक्यात वाढलेल्या माणसाला न सांगितलेली गोष्टही सांगितल्यासारखीच वाटते, ही त्यातली गोम.

शिवाय कोपरा रिकामा ठेवणं काही सोपं नव्हतं. भरण उभं राहतं ते एकमेकांच्या रेट्यावर. एका बाजूला रेटाच नसेल, तर कडेचं वेटोळं सुटतं, त्याच्यामागे दुसरं, आणि बघता बघता सगळं काळीज तळहातावर सांडतं. योलांदाचं चार वेळा सांडलं. वहीत तिने चारही वेळा लिहिलं, 'आज पुन्हा धुक्याने काठ खाल्ला.' पाचव्या वेळी कडेची वेटोळी सांगाड्याच्या मधल्या जाड शिरेला टेकवून तिने कशीबशी उभी केली. हलवलं नाही तर राहत होती.

जूनमध्ये सांजावचा सण आला. खिडक्याखिडक्यांत तुळशीसारख्या त्या गोल झुडपाच्या कुंड्या बसल्या आणि गल्लीत सार्डिन भाजल्याचा धूर दुपारपासूनच फिरायला लागला. शुक्रवारी सकाळी दागिना आणि वही द्यायची होती. गुरुवारी दुपारी योलांदाने शेवटचं वेटोळं बसवलं, काळीज मावशीच्या मेजावरच्या फरशीवर ठेवलं आणि ती म्हणाली, "झालं मावशी. पाचला आदेलिनो येईल आच द्यायला. मी जरा घरी जाऊन येते." आदेलिनो म्हणजे मावशीचा भाचा, गल्लीच्या टोकाला कारखाना असलेला सोनार. योलांदा घरी गेली, आईने ठेवलेलं कोबीचं सूप तसंच ठेवून पलंगावर आडवी झाली, आणि तीन दिवसांची झोप तिच्यावर एकदम आली.

स्वप्नात ती नदी ओलांडत होती. पूल नव्हता, होडी नव्हती, नुसतं धुकं होतं आणि ते तिला धरून होतं. पाऊल टाकायचं, खाली काही नाही, तरी बुडायचं नाही. असं सुख तिने जागेपणी कधी अनुभवलं नव्हतं. मग अर्ध्या नदीत तिच्या लक्षात आलं की प्रत्येक पावलाखाली कुणीतरी आधीच फरशी ठेवतंय. ती म्हणत होती, नको, मला येतंय; पण फरश्या येतच राहिल्या, आणि ती रस्त्यावरून चालावं तशी पलीकडे पोचली.

सहा वाजता ती मावशीकडे धावली. मावशी खिडकीत बसून डोळे रुमालाने टिपत होती, आदेलिनो शेजारी उभा होता, आणि आच देऊन, आम्लात उजळून काळीज पांढऱ्या फडक्यावर ठेवलेलं होतं.

"बघ," मावशी म्हणाली.

काळीज पूर्ण भरलेलं होतं. खालच्या वळणात, जिथे हवा असायची, तिथे राईच्या दाण्याएवढी वेटोळी एकाला एक चिकटून बसली होती. योलांदाने चार महिन्यांत असं एकही केलेलं नव्हतं.

"थकली होतीस ना?" मावशी म्हणाली. "मी म्हटलं, पोरीला झोपू दे. हात लावला तर कड नुसती लटपटत होती. आच लागली असती तर सगळं खाली आलं असतं. अडीच तासांत आटपलं. डोळ्याने नाही हं, बोटाने."

"पंचवीस वर्षं मी आच देतोय," आदेलिनो म्हणाला. "असं भरण हल्ली येत नाही."

"या हातांचं शेवटचं समज ते. आता जाईन त्या डॉक्टरकडे."

योलांदा म्हणाली, "सुंदर आहे, मावशी." सुंदर होतंच, म्हणून तर तिला जास्त लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं आहे असं समजून मावशीने तिच्या गालाला हात लावला.

घरी आल्यावर तिने केसासारखी बारीक आरी काढली आणि पातं त्या कोपऱ्याला टेकवलं. दहा मिनिटांचं काम होतं. आत झोपलेल्या आईचा श्वास ऐकत ती बराच वेळ तशीच बसली, मग आरी पेटीत ठेवून दिली.

शुक्रवारी परीक्षकांच्या मेजावर तिचं काळीज आलं. सियाब्रा बाईंनी आधी वही वाचली, मग भिंग डोळ्याला लावून काळीज वाचलं. वहीत ओळीने चाळीस पानं धुकं होतं आणि दागिन्यात ते जिथे सगळ्यात दाट व्हायचं, तिथे गच्च भरण होतं.

"या कोपऱ्यात कुणाचा हात आहे?" बाईंनी विचारलं.

योलांदाने सगळं सांगितलं. झोप, मावशीची करंगळी, मे महिन्यातलं ते एक खोटं. बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती, आणि बाईंनी तिला दोनदा मेजापाशी परत आणलं.

"काल संध्याकाळी तुला हे कापून काढता आलं असतं."

"हो."

"मग?"

"ते माझ्यापेक्षा चांगलं होतं, बाई."

सियाब्रा बाईंनी भिंग खाली सोडलं. "हे फार चांगलं काम आहे, पण ते तुझं नाही. आणि तुझी वही फार चांगली आहे, पण ती ज्या दागिन्याबद्दल आहे तो दागिनाच नाही. मी कशाला मार्क देऊ, तूच सांग. सप्टेंबरात पुन्हा ये. त्या वेळी दोन्ही एकमेकांना ओळखतील असं बघ."

म्हणजे नापास. सेलेस्तला तिने सांगितलं. सेलेस्त पिठाचे हात झटकत म्हणाली, "सप्टेंबर काही लांब नाही," आणि तेवढ्यावर सोडलं. मावशीला मात्र सांगितलं नाही. उलट तिची खिडकी टाळून योलांदा मागच्या पायऱ्यांनी ये-जा करू लागली. जुलैभर नदीवर धुकं नसतं. सगळं लख्ख दिसतं, आणि लपायला जागा राहत नाही.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, ते इथे अक्षरशः झालं. एका संध्याकाळी पायऱ्यांवर आदेलिनो तिची वाट अडवून उभा राहिला.

"मावशी बेकरीत सांगते, चर्चमध्ये सांगते, मासळीवालीला सांगते. पोरगी पहिली आली म्हणते. आली का तू पहिली?"

"नापास झाले."

"कोपऱ्यामुळे ना? आच देताना माझ्या मनात आलंच होतं. तुझी वेटोळी वळणाकडे इतकी नीट विरळ होत आलीत, ते उगाच नसणार." तो एक पायरी खाली आला. "तेव्हा बोललो नाही, ती माझी चूक. आता तू बोलत नाहीस, ती तुझी. तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती मरेल, समजलं? तुझ्याकडून कळलं तर नुसती रागावेल."

योलांदा त्याच पावली गेली. मावशी मांडीवर टोपली घेऊन शेंगा सोलत होती. योलांदाने उभ्याउभ्या सांगून टाकलं, मध्ये न थांबता, आणि या खेपेला दुसरीकडे कुठेही न बघता. मावशीने एक शेंग सोलली, दुसरी सोलली.

"म्हणजे मी तुला नापास केलं."

"नाही मावशी. मी तुला सांगितलं नाही, म्हणून झालं."

"मुद्दाम रिकामं ठेवायचं होतं?"

"हो."

"माझ्या खिडकीत बसून. माझ्या तिवईवर." तिने टोपली खाली ठेवली. "जा आता."

पुढचे तीन दिवस खिडकी बंद होती. भर जुलैत, दुपारच्या उन्हात, बंद. योलांदा रोज सकाळी तीन घरं खाली जाऊन उभी राही आणि परत येई. डिग्रीचं काय होईल याची तिला तेवढी पर्वा उरली नव्हती. भीती होती ती मावशीने आपल्याला तोडलं तर, याची. चौथ्या दिवशी दार वाजलं. मावशी स्वतः वर चढून आली होती, धापा टाकत, हातात चिमटा आणि तारेचं रीळ घेऊन. सेलेस्तने पुढे केलेली खुर्ची तिने भिंतीकडे वळवून घेतली, कुणाला तोंड दिसू नये अशी.

"सेलेस्त, तू जरा बाहेर जा," ती म्हणाली. सेलेस्त आपल्याच घरातून बाहेर गेली.

"तुझं भरण पुन्हा सांडेल," मावशी योलांदाला म्हणाली. "तू कड शिरेला टेकवतेस. टेकवून काही होत नाही. मी तुला एक दाखवते, ते कुणाला सांगायचं नाही."

मग तिने दाखवलं. कडेच्या वेटोळ्याची तार तोडायची नाही. तिचं टोक उलटं वळवून मागच्या तिसऱ्या वेटोळ्याच्या पोटाखालून न्यायचं आणि आतून अडकवायचं. वरून काही दिसत नाही, आणि कड स्वतःलाच धरून राहते. तिची बोटं ते इतक्या झटकन करून गेली की योलांदाला तीनदा बघावं लागलं.

"हे काय आहे?"

"आळशिणीची आकडी." मावशीची मान खाली होती. "काळजाच्या मधोमध वरून फूल बसवतात ना, त्याच्याखाली कोण बघतंय? तार कमी पडली, पोर रडत असलं, कंबर गेली, की फुलाखाली भोक ठेवायचं आणि ही आकडी मारायची. सगळ्यांना यायची. कुणी कुणाला कधी सांगितलं नाही. माझी आई मला सुई टोचायची, आणि तिलाही यायची."

"तू ठेवलंस कधी?"

"माझा लेक रुई तापाने फणफणला होता, तेव्हा. एकदाच. चाळीस वर्षं झाली. कुठल्यातरी बाईच्या गळ्यात माझं ते भोक अजून फिरत असेल." ती पुटपुटली, "पाद्रीबाबालासुद्धा सांगितलेलं नाही मी."

योलांदाला हसूही आलं आणि रडूही. तिने मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मावशी म्हणाली, "डोकं काढ, रीळ पडेल."

ऑगस्टात मावशी खरोखरच डॉक्टरकडे जाऊन मोतीबिंदू काढून आली. महिनाभर वाकायचं नाही, बारीक काही करायचं नाही, अशी तंबी मिळाली. त्यामुळे नव्या काळजाच्या वेळी खिडकीपाशी योलांदाच काम करी, आणि मावशी काळा चष्मा लावून शेजारी नुसती बसे. पहिले काही दिवस ती हातांना काहीतरी द्यायला बघे. एप्रनची कड मुडपे, नसलेला दोरा ओढे. पुढे तेही थांबलं. दुपारी खिडकीतून नदीचा वारा येई, तार वळल्याचा बारीक आवाज येत राही, आणि दोघी तासन्‌तास बोलत नसत. लक्झेंबर्गहून आलेले वडील एकदा दारातून डोकावले आणि या दोघी झोपल्यात असं समजून चवड्यांवर परत गेले.

सप्टेंबरात योलांदा पास झाली, हे आताच सांगून टाकलेलं बरं. पहिली वगैरे नाही, पास. पण गोष्ट संपते ती त्याच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी आदेलिनोने आच दिली होती आणि एकही वेटोळं हललं नव्हतं. मावशीने चष्मा काढला, काळीज खिडकीच्या उजेडात धरलं आणि नव्या डोळ्याने पाहिलं. डावीकडून सुरुवात करून ती हळूहळू खाली आली. वेटोळी विरत गेली होती, शेवटचं एक जेमतेम होतं, आणि त्यापुढे वळणात पलीकडची नदी दिसत होती. बऱ्याच वेळाने तिने काळीज खाली ठेवलं.

"इथेच माझी पाठ दुखायला लागायची," ती म्हणाली. "प्रत्येक काळजात. या वळणाशी आलं की वाटायचं, आता पुरे."

योलांदाने वही उघडली. "शेवटचं पान वाचून दाखवू? तुझ्याबद्दल आहे."

"वाच."

"'रिकामी जागा माझी आहे. ती सांभाळणारी आकडी मला झुल्मिरा—'"

"थांब. माझं नाव खोड."

"मावशी, खरं आहे ते."

"खरं असेल. या गावात माझं नाव भरणारी म्हणून आहे. उद्या लोक म्हणतील, झुल्मिरा भोकं ठेवायची. खोड म्हणते ना."

योलांदाने खोडलं. "मग मी तुझं काय लिहू? तुझ्याशिवाय हे झालं असं लिहू? पुन्हा खोटं?"

मावशीचे हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं अर्धी मिटलेली, आणि ती त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघत होती. पेन धरून योलांदा थांबून राहिली.

"असं लिही," मावशी म्हणाली. "की मी भरत होते तेव्हा शेजारी एक बाई बसली होती. नवव्या वर्षापासून पहिल्यांदाच तिच्या हातात काही नव्हतं. आणि तिला बरं वाटत होतं."

योलांदाने ते तसंच लिहून घेतलं.